मात्रा तीच, वय निराळे

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. आमवातासाठी त्या १२ वर्षांपासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची लहान गोळी घेतात. यंदा भाताच्या लावणीनंतर अंग दुखते म्हणून त्यांनी दुकानातून वेदनाशामक गोळ्याही आणून घेतल्या. आता त्यांचे तोंड आले आहे आणि थकवा फार आहे. मूत्रपिंडासाठी केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.० म्हणजे नॉर्मल आले. इतकी वर्षे सोसलेले औषध आताच का बाधावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ही लक्षणे अंगावर काढू नयेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचे तोंड येणे हे रक्तपेशी कमी होत असल्याचे चिन्ह असू शकते. म्हणून पुढची गोळी देण्याआधी, शक्यतो आजच, डॉक्टरांना भेटून रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या कराव्यात. प्रेडनिसोलोन मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये, कारण इतक्या वर्षांनंतर शरीर स्वतःचे स्टेरॉइड पुरेसे तयार करीलच असे नाही.

आता कारणाकडे वळू. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती वयाबरोबर घटते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होत असल्यामुळे म्हातारपणी स्नायू झडले की तो आकडा मूत्रपिंड मंदावूनही चांगलाच दिसत राहतो. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर ५९ वर्षांच्या, ५२ किलो वजनाच्या स्त्रीची गाळणशक्ती १.० क्रिएटिनिनला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर येते. ७१ व्या वर्षी, वजन ४५ किलोवर आल्यावर, त्याच १.० ला ती सुमारे ३७ होते. म्हणजे गोळी तीच असली तरी औषध अंगात अधिक काळ रेंगाळते. त्यात बऱ्याच वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारी बाई पाणी तरी कितीसे पिते! लघवीच्या जंतुसंसर्गावर दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम असलेले सल्फा औषध तर मेथोट्रेक्सेटबरोबर घातकच ठरू शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर चालू औषधांचे कागद आधी पुढे ठेवावेत.

प्रेडनिसोलोनमुळे हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे आणि मोतीबिंदू हे त्रासही उतारवयात लवकर गाठतात. शिवाय या वयात, या औषधांवर असताना, मोठ्या जंतुसंसर्गातही ताप जेमतेमच चढतो. अन्न नकोसे होणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे एवढेच दिसले तरी ते गंभीर मानावे.

आणखी एक गोष्ट. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेल्याने जीवावर बेतते. आपल्या सीमाभागात चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदाराची सूचना कन्नडमध्ये आणि आजी मराठी शाळेत शिकलेल्या, असे घरोघरी असते. पाकिटावर ‘फक्त रविवारी’ असे ठळक मराठीत लिहून, ते रोजच्या गोळ्यांच्या डब्याबाहेर, सूनबाई, तुमच्याच ताब्यात ठेवा.