तिसऱ्या फ्रोझन ट्रान्सफरआधी काय तपासून घ्यावं

ताई, आयव्हीएफमध्ये गोठवून ठेवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या (फ्रोझन ट्रान्सफर) दोन वेळा झाल्या. दोन्ही वेळा ‘४ ए ए’ या चांगल्या ग्रेडचा ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढवलेलं भ्रूण), गर्भाशयाचं अस्तर ९ मिमी, तरी बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) निगेटिव्ह. आता तिसऱ्या ट्रान्सफरला घणसोलीहून ठाण्याला जायचंय, तर नंतर पंधरा दिवस झोपून राहू का, असं तुम्ही विचारलंय.

झोपून राहू नका. ट्रान्सफरनंतरच्या बेड रेस्टने यश वाढत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. गर्भाशयाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढं भ्रूण त्यांच्यामध्ये असतं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या धक्क्यांनी, जिना चढल्याने किंवा लघवीला गेल्याने ते पडत नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना पडून राहणं तर रक्ताच्या गुठळीच्या दृष्टीनेही वाईट. जड उचलणं टाळा, बाकी घरातली कामं, ऑफिस चालू द्या.

काळजी घ्यायची ती आधी, आणि सगळ्यात जास्त प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे अस्तर भ्रूण रुजण्यासाठी तयार करणाऱ्या हार्मोनच्या, वेळांची. औषधांवरच्या सायकलमध्ये अस्तर ७-८ मिमीच्या पुढे गेलं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं आणि त्या क्षणापासून अस्तराचं घड्याळ चालू होतं. पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टला पाच पूर्ण दिवस, म्हणजे साधारण १२० तास प्रोजेस्टेरॉन मिळालेलं असावं लागतं. ट्रान्सफर सहाव्या दिवशी होते ती म्हणून. पहिला डोस रात्री घेतला की सकाळी, यावरून हिशोब अर्ध्या दिवसाने सरकतो. तेव्हा पहिल्या डोसची तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि क्लिनिकच्या कागदावर तीच आहे ना, ते बघा. योनीमार्गाचे ४०० मिलीग्रॅमचे डोस दोनदा असतील तर १२-१२ तासांनीच. नंतर येणारा पांढरा चुरा औषधाचा असतो, त्याला घाबरू नका.

ट्रान्सफरच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात का, हे जरूर विचारा. योनीमार्गाच्या औषधावर ते मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर बरेच डॉक्टर इंजेक्शन किंवा डायड्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारी गोळी) जोडतात. डायड्रोजेस्टेरॉन या तपासणीत मोजलं जात नाही, त्यामुळे ते घेऊनही आकडा वाढला नाही म्हणून हबकू नका. पाळी नियमित असेल तर नॅचरल सायकलचा पर्यायही बोलून बघा. त्यात बीजकोशातून बीज बाहेर पडल्यावर तिथे तयार होणारी ग्रंथी स्वतःच प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही कमी दिसतो.

आता प्रत्यक्ष ट्रान्सफर. मागच्या दोन्ही वेळच्या नोंदी मागून घ्या, माझ्या मते हाच तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. कॅथेटर (भ्रूण आत सोडायची बारीक नळी) सहज गेला का? मऊ कॅथेटर वापरला की कडक? टेनॅक्युलमने, म्हणजे चिमट्यासारख्या अवजाराने, गर्भाशयमुख धरावं लागलं का? कॅथेटरच्या टोकाला रक्त किंवा चिकट स्राव होता का? भ्रूण कॅथेटरमध्येच अडकून परत लोड करावं लागलं का? शेवटच्या गोष्टीने मात्र निकाल बिघडत नाही, एम्ब्रियोलॉजिस्ट (लॅबमधले भ्रूणतज्ज्ञ) कॅथेटर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात ते त्यासाठीच. खरा घोळ होतो तो मुखाचा वळणदार रस्ता आधी माहीत नसल्यामुळे. मग खटपट होते, टोक वरच्या भिंतीला लागतं आणि गर्भाशय आकुंचन पावायला लागतं. भ्रूण वरच्या भिंतीपासून १ ते दीड सेंटिमीटर अलीकडे, पोटावरच्या सोनोग्राफीत बघत सोडायचं असतं. आधीचं सिझेरियन असेल किंवा नोंदीत ‘कठीण’ असा शेरा असेल, तर आधी मॉक ट्रान्सफर, म्हणजे भ्रूणाशिवायची रंगीत तालीम, करून घ्यायचा आग्रह धरा.

मूत्राशय मध्यम भरलेलं हवं, म्हणजे गर्भाशय नीट दिसतं आणि त्याचा बाक थोडा सरळ होतो. पण घरून पाणी पिऊन निघू नका. कळव्याजवळ गाडी अडकली तर हाल होतात. ऐरोलीवरून लोकलने ठाण्याला पोहोचा आणि क्लिनिकमध्ये वेळेच्या तासभर आधी अर्धा लिटर प्या. फार कळ लागली तर सांगा, थोडी लघवी करून यायला हरकत नसते.

‘४ ए ए’ हे दिसण्याचं वर्णन आहे, गुणसूत्रांचं नाही. चाळिशीच्या आसपास निम्म्याहून अधिक भ्रूणांत गुणसूत्रांचा दोष असू शकतो. तुमचं वय लिहिलेलं नाही, पण ३७-३८च्या पुढे असेल तर हा विषय डॉक्टरांकडे काढा. गर्भनलिकेत पाणी साचलेलं नाही ना, गर्भाशयाच्या पोकळीत पॉलिप (छोटी मांसल वाढ) नाही ना, थायरॉईड ठीक आहे ना, एवढं मात्र तपासलेलं हवंच. नळीत पाणी असेल तर ट्रान्सफरआधी ती काढणं किंवा बंद करणं फायद्याचं ठरतं. याउलट ईआरए टेस्ट (अस्तराचा तुकडा घेऊन ट्रान्सफरची योग्य वेळ शोधणारी तपासणी) आणि अस्तर खरवडणं यांचा सरसकट फायदा मोठ्या अभ्यासांत दिसला नाही. त्यावर पैसे घालवण्याआधी ‘माझ्या बाबतीत नेमकं कशासाठी?’ असं स्पष्ट विचारा. घाईने दोन भ्रूणंही मागू नका, जुळ्यांत वेळेआधी प्रसूतीचा धोका बराच वाढतो.

बीटा ट्रान्सफरनंतर ९ ते १२ दिवसांनी करा. पॉझिटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडा बदलू शकतो. मधे डाग लागला तरी औषध स्वतःहून बंद करायचं नाही, फोन करायचा. बीटा वाढत असताना एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. भ्रूण नळीत रुजण्याची शक्यता आयव्हीएफमध्येही असते.