कमांड लाइन टूलच्या टेस्ट साफ करायच्या आहेत. जुन्या पुसून नव्या लिहू का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: पायथॉनमध्ये लिहिलेलं, आर्गपार्सवर (कमांडसोबत दिलेले पर्याय वाचणारी पायथॉनची लायब्ररी) चालणारं टूल आहे. ते सीएसव्ही फाइल घेतं, ओळी तपासतं, चुकांचा अहवाल छापतं. टेस्ट शेकड्यांनी आहेत, पण जवळजवळ प्रत्येक टेस्ट सबप्रोसेसने, म्हणजे वेगळी प्रोसेस सुरू करून, अख्खं टूल चालवते आणि छापलेला मजकूर अक्षर न् अक्षर जुळवून बघते. एक मेसेज सुधारला की निम्म्या टेस्ट लाल, म्हणजे नापास. सीआय (दर बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) रेंगाळतं. नव्याने आलेली मुलं हात लावायला धजत नाहीत. म्हणून सगळं पुसून कोऱ्या पाटीवर लिहावं असं तुमच्या मनात आहे.

पुसू नका, आत्ता तरी नाही. पुढचे काही दिवस याच ओबडधोबड टेस्ट तुमच्या कामाला येणार आहेत. टेस्टच्या फोल्डरला हातही लावू नका. आधी टूलचं मेन फंक्शन उघडा. माझा अंदाज आहे की ते सिस डॉट आर्गव्ही (कमांडच्या ओळीतले शब्द) स्वतःच वाचतं, मध्येच प्रिंट करतं, आणि चूक सापडली की जिथे असेल तिथून सिस डॉट एक्झिट करून मोकळं होतं. असं फंक्शन टेस्ट करायला नवी प्रोसेस उभी करण्याशिवाय दुसरा रस्ताच उरत नाही. तुमच्या आधीच्या लोकांनी आळशीपणा केला असं नाही, टूलने त्यांना एकच दार ठेवलं होतं. दर टेस्टमागे पायथॉनचा इंटरप्रिटर नव्याने सुरू होतो, आणि वर पांडाजसारखी जड लायब्ररी इम्पोर्ट होत असेल तर सीआयचा वेळ कुठे जातो ते शोधत बसायला नको.

मेनला एक पॅरामीटर द्या: आर्ग्युमेंटची लिस्ट, डीफॉल्ट नन. ती तशीच पार्स_आर्ग्जला पुढे पाठवा. तिथे नन आलं की आर्गपार्स आपणहून सिस डॉट आर्गव्हीमधलं पहिलं सोडून बाकीचं घेतो, त्यामुळे वापरणाऱ्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. मग मधले एक्झिट काढून टाका आणि मेनला शेवटी एक आकडा परत करू द्या. पॅकेज इन्स्टॉल करताना जी कन्सोल स्क्रिप्ट तयार होते ती सिस डॉट एक्झिटमध्ये मेनचं उत्तर घालते, म्हणजे तो आकडाच प्रोसेसचा एक्झिट कोड (संपताना मागे ठेवलेला आकडा, ० म्हणजे सुरळीत) होतो. (मेनने आकड्याऐवजी स्ट्रिंग परत केली तर ती एसटीडीएररवर, म्हणजे चुका आणि इशाऱ्यांच्या वेगळ्या प्रवाहावर, छापली जाते आणि कोड १ जातो. काही जण हे मुद्दाम वापरतात. मला आवडत नाही.) आर्गपार्स मात्र स्वतःचा हेका सोडत नाही: चुकीचा पर्याय दिला की तो सिस्टमएक्झिट फेकतो, कोड २, हेल्प मागितली की कोड ०. तेवढ्या टेस्ट पायटेस्ट डॉट रेझेसमध्ये (टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टची, अपेक्षित एक्सेप्शन पकडणारी सोय) गुंडाळाव्या लागतील.

हे बदल करताना जुन्या टेस्टना अजिबात शिवू नका. त्या टूल बाहेरून चालवतात, आत काय हललं त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, आणि आत्ता तुम्हाला नेमकं तेच हवं आहे. एका कमिटमध्ये टूल बदला आणि टेस्ट तशाच हिरव्या राहू द्या. पुढच्या कमिटमध्ये टेस्ट बदला आणि टूल तसंच ठेवा. दोन्ही एकाच वेळी बदललं आणि काही लाल झालं, तर दोष कुणाचा हे ठरवण्यात दुपार जाते.

आता मोठी गंमत. अशा प्रत्येक प्रकल्पात टेस्टचा एक हेल्पर असतोच, रन_टूल की काय नावाचा, बहुधा चार फाइलींमध्ये चार वेळा चिकटवलेला. तो एका जागी आणा आणि त्याचं पोट बदला: सबप्रोसेसऐवजी त्याच प्रोसेसमध्ये मेन बोलवा, पायटेस्टच्या कॅपसिस फिक्स्चरने (टेस्टला आयतं मिळणारं साधन) छापलेला मजकूर पकडा, आणि कोड, आउट, एरर या तिन्ही गोष्टी पूर्वीच्याच आकारात परत करा. शेकडो टेस्ट आपापली ओळही न बदलता नव्या रस्त्यावर येतात. सगळ्या हिरव्या राहणार नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. ज्या पडतील त्या नीट वाचा, कारण टूलच्या आतलं लपलेलं त्या दाखवतात. आतापर्यंत प्रत्येक टेस्टला नवी कोरी प्रोसेस मिळत होती, म्हणून ग्लोबल व्हेरिएबल, कॅश, मध्येच बदललेली वर्किंग डिरेक्टरी हे सगळं झाकलं जात होतं.

यात सगळ्यात छळतं ते लॉगिंग. लॉगिंगचा स्ट्रीमहँडलर तयार होतो त्या क्षणाचा एसटीडीएरर धरून बसतो. कॅपसिस दर टेस्टला नवा एसटीडीएरर बसवतं आणि जुना बंद करतं. मग दुसऱ्या टेस्टमध्ये लॉगची ओळ बंद झालेल्या स्ट्रीमवर जाते आणि पायथॉन ‘बंद फाइलवर लिहिताय’ अशी तक्रार करतो. बेसिककॉन्फिग पुन्हा बोलावून भागत नाही, कारण रूट लॉगरला हँडलर आधीच असला तर ते गुपचूप काहीच करत नाही, पायथॉन ३.८ पासून त्याला फोर्स हा पर्याय आहे, तो ट्रू द्या. दुसरा नेहमीचा सापळा म्हणजे फंक्शनच्या डेफच्या ओळीतच ‘आउट = सिस डॉट एसटीडीआउट’ असं डीफॉल्ट लिहिणं. ते इम्पोर्टच्या वेळी कायमचं बांधलं जातं, म्हणून कॅपसिसच्या हाती काहीच लागत नाही आणि माणूस तासभर कॅपसिसला शिव्या देतो. डीफॉल्ट नन ठेवा, आत ठरवा. डिरेक्टरी आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसाठी मंकीपॅच आहे, फाइलींसाठी टीएमपी_पाथ. टेस्ट संपली की मंकीपॅच सगळं पूर्ववत करतं, आणि टीएमपी_पाथ प्रत्येक टेस्टला स्वतंत्र फोल्डर देतं.

एवढं झाल्यावर अक्षर न् अक्षर जुळवण्याकडे वळा. प्रत्येक टेस्टला विचारा: यातलं काय बदललं तर वापरणाऱ्याचं काम अडेल? एक्झिट कोड बदलला तर अडेल. दुसरा प्रोग्राम वाचतो तो जेसन किंवा सीएसव्ही बदलला तर अडेल. ‘ओळ १७ मध्ये रक्कम रिकामी आहे’ या वाक्यात ‘आहे’चं ‘दिसते’ झालं तर कुणाचंही अडत नाही. तिथे फाइलचं नाव आणि १७ हा आकडा मेसेजमध्ये आहे का, एवढंच बघा. त्याहून बरं म्हणजे तपासणीचं काम एका साध्या फंक्शनमध्ये काढा, ज्याला ओळी मिळतात आणि जे चुकांची लिस्ट परत करतं, छापत काहीच नाही. तुमच्या बहुतेक टेस्ट खरं तर त्याच फंक्शनच्या आहेत. उगाच छापलेल्या मजकुरातून वळसा घेऊन येतात. त्या तिकडे हलवल्या की पाच-सात ओळींच्या होतात आणि एकसारख्या दिसणाऱ्या दहा टेस्ट पॅरामीट्राइझखाली (एकच टेस्ट वेगवेगळ्या इनपुटवर चालवायची पायटेस्टची सोय) एका टेस्टमध्ये मावतात.

हेल्पचा मजकूर पूर्ण जुळवणाऱ्या टेस्ट मात्र बिनधास्त काढा. पायथॉन ३.१० मध्ये आर्गपार्सने ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’ हे शीर्षक बदलून नुसतं ‘ऑप्शन्स’ केलं, तेव्हा असल्या टेस्ट ठेवणाऱ्या किती प्रकल्पांना फुकटचं काम लागलं असेल. ३.१४ पासून हेल्प रंगीतही छापली जाते. ओळ कुठे मोडते ते टर्मिनलच्या रुंदीवर ठरतं. यातली एकही गोष्ट तुमच्या कोडमध्ये नाही, मग तिची राखण तुम्ही कशाला करायची? फारच हौस असेल तर कॉलम्स आणि नो_कलर हे व्हेरिएबल टेस्टमध्ये पक्के करून घ्या.

एक्झिट कोडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खोट्या हिरव्या टेस्ट बहुतेक इथेच सापडतात. ‘कोड शून्य नसावा’ एवढंच तपासणाऱ्या टेस्ट शोधा. पायथॉनमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं तरी प्रोसेस १ देऊन संपते. म्हणजे ‘वाईट फाइल दिली की टूल नाराज व्हायला हवं’ ही तुमची टेस्ट, आत कीएरर होऊन टूल उताणं पडलं तरी हिरवीच राहील. सबप्रोसेसमध्ये हा फरक दिसत नाही; मेन थेट बोलावलं की एक्सेप्शन टेस्टच्या तोंडावरच येतं. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडची जुनी पद्धत मला पटते: सापडलं तर ०, सापडलं नाही तर १, काही बिघडलं तर २. दोन फाइलींतला फरक दाखवणारी डिफही तसंच करते. तुमच्या टूललाही ‘फाइलमध्ये चुका आहेत’ आणि ‘फाइल उघडलीच नाही’ यांना वेगळे आकडे द्या आणि टेस्टमध्ये नेमका आकडा लिहा. त्याच हाताने एसटीडीएरर एसटीडीआउटमध्ये मिसळणाऱ्या जुन्या ओळी काढा. उद्या कुणी टूलचं आउटपुट पाइपने पुढे ढकललं आणि त्यात इशारा घुसला, तर ते पकडणारी टेस्ट तुमच्याकडे हवी.

पुसायचं काय, हा तुमचा मूळ प्रश्न. वाचून ठरवू नका, टूल मोडून ठरवा. तपासणीतली एक अट उलटी करा, टेस्ट चालवा, कोण ओरडतं ते बघा. काहीही मोडलं तरी जी कधीच लाल होत नाही ती टेस्ट सुपात घालून पाखडली की कोंड्यासारखी आपोआप उडते. मॉकने, म्हणजे खऱ्या फंक्शनच्या जागी बसवलेल्या तोतयांनी, गच्च भरलेल्या टेस्ट इथे हमखास सापडतील: ओपन मॉक, एक्झिस्ट्स मॉक, प्रिंट मॉक, आणि शेवटी ‘प्रिंट बोलावलं गेलं’ एवढाच दावा. त्यांच्या जागी टीएमपी_पाथमध्ये खरी छोटी फाइल ठेवा. ग्रेप करून हेही बघा की कुणी ‘असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ’ऐवजी नुसतं ‘कॉल्ड_वन्स_विथ’ लिहिलंय का. मॉक ऑब्जेक्टवर ते मुकाट्याने चालून जायचं, काहीच तपासलं न जाता, पायथॉन ३.१२ पासून एरर येतो.

खरी प्रोसेस उभी करणाऱ्या मोजक्या टेस्ट ठेवाच. इन्स्टॉल केल्यावर कमांड नावाने सुरू होते का, एसटीडीइनमधून मजकूर घेतला जातो का, आउटपुट हेडला (पहिल्या काही ओळीच दाखवणारी कमांड) पाइप केल्यावर ट्रेसबॅक ओकत नाही ना, हे आतून कळत नाही. आणि तुमच्या फाइलींमध्ये मराठी नावं असतील तर आणखी एक. विंडोजवर कन्सोलवर देवनागरी व्यवस्थित छापली जाते, पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पायथॉन विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये (मोजक्याच अक्षरांचा संच) लिहायला जातो आणि युनिकोडएन्कोडएरर देतो. कॅपसिसमध्ये हे कधीच दिसणार नाही. लिनक्सच्या सीआयवर ते उभं करायचं तर सबप्रोसेसला पायथॉनआयओएन्कोडिंग हा व्हेरिएबल आस्की देऊन चालवा.

मराठीचाच विषय निघालाय तर: रकाने स्पेस मोजून जुळवणाऱ्या टेस्ट ठेवू नका. ‘क्षितिज’ची लेन (पायथॉनने मोजलेली लांबी) ७ येते आणि डोळ्यांना अक्षरं तीन दिसतात. ‘दऱ्या’मधला ऱ एका कोडपॉइंटचाही (युनिकोडमधला एक क्रमांक) असतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोनचाही, पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, आणि असर्ट मात्र लाल. तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठराविक रूपात, आणा, आणि शक्यतो ते काम टेस्टमध्ये न करता टूलमध्येच करा, कारण ग्राहकाच्या फाइलीतही हाच घोळ येणार आहे.

साहेबांना आकडे दाखवायचे असतील तर एक सावधगिरी. कव्हरेज डॉट पाय (टेस्टनी कोडचा किती भाग चालवला ते मोजणारं साधन) वेगळी सोय केल्याशिवाय सबप्रोसेसमधला कोड मोजत नाही, म्हणून हेल्पर बदलल्या दिवशी तुमचं कव्हरेज एकदम उडी मारेल. नवीन काहीही तपासलं गेलेलं नसेल. तसं सांगून टाका, नाहीतर पुढच्या स्प्रिंटला तेवढीच उडी मागतील.

तुमचं टूल आर्गपार्सऐवजी क्लिक या दुसऱ्या लायब्ररीवर असेल तर कॅपसिसच्या खटपटीऐवजी त्याचा टेस्टसाठीचा क्लीरनर वापरा. फक्त तो एक्सेप्शन स्वतःच गिळतो आणि कोड १ दाखवतो, म्हणजे वर सांगितलेला खोटा हिरवा रंग तिथेही आहेच. इन्व्होक करताना कॅच_एक्सेप्शन्स फॉल्स द्या. ८.२ च्या आधीच्या आवृत्तीत एसटीडीएरर मुळातच आउटपुटमध्ये मिसळलेला यायचा आणि मिक्स_एसटीडीएरर बंद करावा लागायचा. ८.२ मध्ये तो पर्यायच काढून टाकलाय, म्हणून जुन्या उत्तरांतला कोड जसाच्या तसा उचललात तर तिथे अडाल.