वाचक विचारतात : शाळेची घंटा, हजेरीपट आणि घरची सकाळ

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शाळा साडेनऊची, घरापासून पंधरा मिनिटांची वाट. तरी आठवड्यातून तीन-चारदा तो प्रार्थना संपल्यावरच पोचतो. सकाळी मी ओरडते, तो रडतो. काय करावं? (एक आई, तासगाव तालुका)

ताई, हा गुंता बहुतेक आदल्या रात्रीचा असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकराला झोपलेल्या मुलाला साडेसातला उठवलं तर जेमतेम साडेआठ तास होतात. मग ते अंथरुणात लोळणार, चिडणार आणि तुमचा आवाज चढणार.

घंटेपासून उलटं मोजत या. साडेनऊची घंटा, म्हणजे नऊ वीसला फाटकात. मोठ्यांच्या पंधरा मिनिटांच्या वाटेला सात वर्षांचं मूल वीस मिनिटं घेतं, म्हणून नऊला घराबाहेर. साडेआठ ते पावणेनऊ खाणं, त्याआधी अर्धा तास अंघोळ आणि गणवेश, त्याआधी पंधरा मिनिटं निवांत शौचाला. असं मोजलं की उठण्याची वेळ साडेसात आणि झोपण्याची साडेनऊ ठरते. अकरावरून साडेनऊवर एका रात्रीत येऊ नका, मूल नुसतं जागं पडून राहील. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. अडीच आठवड्यांत जमतं. रविवारी सकाळी तासाभरापेक्षा जास्त झोपू दिलं तर सोमवारी सगळं पुन्हा विस्कटतं.

वेळापत्रकाप्रमाणे दप्तर, टोक केलेल्या पेन्सिली, गणवेश, मोज्यांची जोडी, धुऊन पालथी घातलेली पाण्याची बाटली हे सगळं रात्रीच्या जेवणाआधी दाराजवळ मांडून ठेवा. मांडायचं मुलानं, तुम्ही फक्त नजर टाकायची. घरात माणसं जास्त आणि बंब एकच असेल तर अंघोळीचे नंबर ठरवा. शाळेच्या मुलाचा पहिला. जेवताना मोबाइल देऊ नका, दहा मिनिटांचे पोहे अर्धा तास पुरतात. आणि हाका दोनच मारा. दहा मारल्या तर खरी हाक आठवी असते हे मुलाला बरोबर कळतं.

पंधरा मिनिटांनी काय बिघडतं, असं घरातलं कुणी म्हणालं तर हा हिशेब दाखवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे दिवसाला चार तास. रोज पंधरा मिनिटं गेली तर वर्षाचे ५० तास जातात, म्हणजे शिकण्याचे साडेबारा दिवस. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला तो मुलांच्या झोपेसाठीच. ती झोप मोबाइलला देऊ नका.

प्रश्न : आमची वस्तीवरची शाळा, पट २४. महिन्याची सरासरी हजेरी नव्वद टक्के भरते, पण चार-पाच मुलं मागंच पडत चालली आहेत. उशिरा येणाऱ्यांना परिपाठाच्या वेळी बाहेर उभं करून पाहिलं, फरक पडला नाही. (एक शिक्षक, माण तालुका)

सर, सरासरी हजेरी हा आकडा अहवालापुरता ठीक आहे. मुलांपर्यंत पोचायला तो उपयोगाचा नाही. महिन्यात कामाचे २२ दिवस धरले तर २४ मुलांच्या मिळून ५२८ हजेऱ्या होतात. नव्वद टक्के म्हणजे साधारण ५३ गैरहजेऱ्या. त्यातल्या ४० पाचच मुलांच्या असल्या, तर प्रत्येकाचे आठ दिवस बुडाले आणि त्यांची हजेरी ६४ टक्क्यांवर आली. बाकी १९ जणांत मिळून १३ गैरहजेऱ्या उरतात, आणि कागदावर वर्ग छान दिसतो.

म्हणून हजेरीपट दोन्हीकडून बेरजेला घ्या. आडवी बेरीज मुलाची, उभी बेरीज दिवसाची. आडव्या बेरजेत महिन्यात दोन दिवस बुडाले की त्या नावापुढं खूण करा, कारण याच वेगानं वर्षाच्या २०० दिवसांतले वीस, म्हणजे दहावा हिस्सा जातो. तिथून पुढं वाचन आणि गणित दोन्ही सुटायला लागतात. उभ्या बेरजेत बाजाराचा दिवस, सोमवार, सणाच्या दुसऱ्या दिवशीचा खड्डा लगेच दिसतो. बाजाराच्या दिवशी पट रिकामा होत असेल तर गोष्टीची पुस्तकं बदलून देणं, खेळाचा तास, मुलांना आवडणारं जे काही असेल ते त्या दिवशी ठेवा. चाचणी मात्र त्या दिवशी नको.

कारणांसाठी वहीच्या मागच्या पानावर एकेक अक्षर पुरेसं आहे : आ आजारी, भा धाकटं भावंड सांभाळायला, शे शेतात, में मेंढरामागं, ग पाहुण्यांच्या गावाला, भी शाळेला भिऊन. महिन्याभरानं पान उघडलं की काय करायचं ते तेच सांगतं. ‘भा’ जास्त असेल तर अंगणवाडीच्या ताईंशी बोला. तीन ते सहा वर्षांचं भावंड तिकडे बसू लागलं की थोरली मोकळी होते. ‘शे’ हंगामी असतं, ते महिने आधीच माहीत असतात; सुगीच्या आधी पालकांशी बोलणं झालं तर निदान अर्ध्या दिवसावर तरी तडजोड होते. ‘भी’ एकदा जरी लिहिलं गेलं तर त्याच आठवड्यात मुलाशी एकट्यानं बोला.

मूल आलं नाही तर अकराच्या आत घरी फोन जावा. “का पाठवलं नाही?” असं विचारलं की घर बचावाला उभं राहतं. “आज दिसला नाही, बरा आहे ना?” असं विचारलं की खरं कारण बाहेर येतं. सलग तिसऱ्या दिवशी घरी जा, शक्यतो संध्याकाळी, जनावरं बांधून झाल्यावर. तेव्हा घरातलं कर्तं माणूस भेटतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. नावं न घेता या अक्षरांची बेरीज त्यांच्यापुढं ठेवा. आई आईला जे सांगू शकते ते आपल्याला जमत नाही.

बाहेर उभं करणं मात्र आजपासून बंद करा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, पण त्याहीपेक्षा मोठी गोष्ट आहे. आठ वर्षांच्या मुलाला उशीर होण्यात त्याचा स्वतःचा हात फार थोडा असतो. वर्गादेखत लाज गेली की पुढच्या वेळी उशीर झाल्यावर ते वाटेतूनच परत फिरतं. पंधरा मिनिटांचा उशीर वाचवायला गेलो आणि अख्खा दिवस गमावला. उशिरा आलेल्याला गुपचूप जागेवर बसू द्या, बोलायचं ते मधल्या सुट्टीत बोला.

त्याऐवजी पहिली दहा मिनिटं चुकवावीशी वाटणार नाहीत अशी करा. रोज एकाच मोठ्या गोष्टीची दोन पानं वाचा आणि उत्सुकता लागेल तिथं थांबा. फळ्यावर दिनांक-सुविचार लिहिणं, झाडांना पाणी, हजेरीची संख्या मोजणं ही कामं वारंवार उशीर होणाऱ्यांनाच वाटून द्या. घंटा झाली की वर्ग सुरू व्हायलाच हवा; सगळे येईपर्यंत थांबलात तर वेळेवर आलेल्यांना उशिराचं शिक्षण मिळतं.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आम्हाला पटत नाही. जुलैतल्या एका तापानं मूल शर्यतीबाहेर जातं, आणि ज्याची हजेरी मुळात टिकते त्यालाच ते मिळतं. शिवाय तापलेलं मूल वर्गात येऊन चौघांना आजारी पाडतं. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. चौदाचे अठरा दिवस झाले, हे सगळ्यांसमोर सांगण्याजोगं आहे. ७ नोव्हेंबर त्यासाठी फार चांगला दिवस. १९०० साली याच तारखेला साताऱ्यातल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं, आणि २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या रजिस्टरमधली ती नोंद मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : नात तिसरीत. शाळेच्या वेळी पोटात दुखतं म्हणते, अकरा वाजता खेळायला लागते. नाटक समजायचं का? (एक आजोबा, कराड तालुका)

आजोबा, नाटक समजू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं. आधी शरीराचं पाहा : ताप, उलटी, वजन घटणं, झोपेतून उठवणारं दुखणं किंवा शौचात रक्त असेल तर लगेच डॉक्टर. यातलं काही नसेल तर बद्धकोष्ठता तपासा. घाईच्या सकाळी मुलं शौचाला बसतच नाहीत आणि शाळेचं स्वच्छतागृह घाण असेल तर दिवसभर दाबून ठेवतात, तहान लागली तरी पाणी टाळतात. स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, हे शाळेत जाऊन स्वतः बघा.

दोन आठवडे कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस टिपा. फक्त ठरावीक वारी दुखत असेल तर त्या दिवशी कोणता तास आहे, शेजारी कोण बसतं, वाटेत कोण अडवतं हे विचारा, तेही चालता चालता. समोर बसवून विचारलं की मुलं गप्प होतात. पोट थांबलं की अकरालाही शाळेत नेऊन सोडा, आणि घरी राहिलीच तर टीव्ही बंद.

प्रश्न : सर्दी-तापात शाळेत पाठवावं की नाही? (एक आई, मिरज)

नुसती सर्दी, थोडा खोकला असेल तर पाठवा. तापाचं औषध न देता २४ तास ताप आला नसेल तर पाठवा. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी ठेवणं बरं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पाठवू नका. उवांसाठी शाळा बुडवायची गरज नाही. फणी आणि औषध रात्री करा.

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला वाळवा भागात जातो, मुलगा चौथीत. दाखला मागितला तर नाव कायमचं जाईल अशी भीती वाटते. (एक पालक, जत तालुका)

दादा, काही महिन्यांसाठी दाखला काढायची गरज नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्यात मुलाची इयत्ता आणि तो कुठवर शिकला याची नोंद असते. ते घेऊन अड्ड्याजवळच्या शाळेत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी जा. महिना गेला की मूल पालावरच्या कामात अडकतं. कागद अपुरा आहे म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही. पोषण आहारही तिथंच मिळतो. घरी आजी-आजोबा असतील तर मुलाला गावीच ठेवता येईल का बघा. गावाला हंगामी वसतिगृह मंजूर आहे का हे शाळेत विचारा आणि त्याची मागणी ऑक्टोबर उजाडण्याआधीच नोंदवा. परतताना त्या शाळेकडून हजेरीची नोंद पत्रकावर करून घ्यायला विसरू नका, नाहीतर इकडच्या पटावर ते सगळे महिने गैरहजेरी दिसते.