कॅटॅलिस्टला 'विरजण' म्हटलं तर?

प्रश्न असा आलाय की करंजाच्या तेलापासून चांगलं इंधन कसं करतात यावर मराठीत लिहायचंय, तर कॅटॅलिस्टला, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणाऱ्या पदार्थाला, 'उत्प्रेरक' असा जड शब्द कशाला, सरळ 'विरजण' लिहिलं तर? आणि तेलाचं इंधन करण्याच्या 'अपग्रेड'ला शुद्धीकरण चालेल का?

विरजण ऐकायला छान वाटतं, चमचाभर घालायचं आणि पातेलंभर दूध पालटतं. पण विरजण दह्यातच राहतं, वाढतं, उद्याचं विरजण त्यातूनच काढतो आपण. कॅटॅलिस्ट वाढत नाही, काम झालं की निदान तत्त्वतः होता तसाच उरतो. शिवाय दही लागताना ते काम खरं तर विरजणातल्या जिवाणूंची विकरं, म्हणजे एन्झाइम्स करतात, त्यामुळे विरजण म्हणजे कॅटॅलिस्ट हे समीकरणच चुकतं.

'उत्प्रेरक' शाळेच्या पुस्तकातला आहे, प्रेरणा-प्रेरितच्या घरातला, मला तो जड वाटत नाही. एकच खटकतं, त्यातून ढकलल्याचा भास होतो. उत्प्रेरक क्रियेला ढकलत नाही, डोंगर चढून जाण्याऐवजी खिंडीतून वाट काढून देतो. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३५मध्ये कॅटॅलिसिस हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून घेतला त्याचा अर्थ तर सुटणं, मोकळं होणं असा आहे, तो मला जास्त जवळचा वाटतो.

शुद्धीकरण मात्र अजिबात नको. तेल गाळलं, त्यातला चिकटा काढला की ते शुद्धीकरण, तेल तेलच राहतं. इथे रेणूच बदलतो. बायोडिझेल करताना तेलात मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालतात, ग्लिसरीन खाली बसतं आणि वर एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, राहतं (तेलात आम्ल जास्त असेल तर सोड्याने साबणच होतो, म्हणून करंजासारख्या तेलाला बऱ्याचदा आधी आम्ल-उत्प्रेरक लावतात). पण एस्टरमध्ये ऑक्सिजन उरतो, ते थंडीत गोठतं, साठवणीत खराब होतं. म्हणून दुसरी रीत, तेलावर ३००-४०० अंशाला दाबाखाली हायड्रोजन सोडायचा, निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक वापरून ऑक्सिजन बराचसा पाणी होऊन निघतो आणि डिझेलसारखेच हायड्रोकार्बन मिळतात. देहरादूनच्या पेट्रोलियम संस्थेने जट्रोफाच्या (मोगली एरंडाच्या) तेलापासून केलेलं विमानाचं इंधन मिसळून २०१८मध्ये देहरादून-दिल्ली विमान उडालं ते याच घराण्यातलं.

म्हणून मी 'अपग्रेड'ला 'प्रत सुधारणे' लिहीन, आणि शुद्धीकरण हा शब्द त्याआधीच्या पायरीसाठी राखून ठेवीन, कारण तेलातला फॉस्फरस आधी काढला नाही तर उत्प्रेरक मरतो, कारखान्यात त्याला कॅटॅलिस्ट पॉयझन झाला म्हणतात, तिथे 'उत्प्रेरकाला विषबाधा झाली' हे मराठीत अगदी सहज बसतं.