वॉक्स-फारफिसाचा आवाज हवाय, पण बजेट पंचवीस हजार

प्रश्न: ताई नमस्कार, आमचा पुण्यात चार जणांचा बँड आहे, गिटार, बेस, ड्रम्स आणि कीबोर्डवर मी. साठच्या दशकातलं गॅरेज रॉक वाजवतो आणि त्याच धाटणीची स्वतःची मराठी गाणीही बसवतोय. त्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये ऑर्गनचा जो पातळ, नाकातला, टोचणारा आवाज असतो ना, तो मला हवाय. माझ्या साध्या कॅसिओत ऑर्गनचे बरेच टोन आहेत पण एकतर चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं नाहीतर जॅझ क्लबात. दुकानात विचारलं तर थेट लाखाच्या वरचा लाल कीबोर्ड काढून दाखवला. माझं बजेट २५ हजार, ताणून ३०. काय घेऊ?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तो लाल कीबोर्ड म्हणजे नॉर्ड इलेक्ट्रो असणार. त्यात वॉक्स आणि फारफिसा या साठच्या दशकातल्या दोन ऑर्गनचे आवाज आहेत आणि खरंच सुंदर आहेत, पण फक्त एवढ्या आवाजासाठी तो घ्यायची काहीच गरज नाही, दुकानदार काहीही म्हणू दे.

आधी तुम्हाला हवाय तो आवाज नेमका कशाचा ते बघू, कारण ते कळलं की पैसे कुठे घालायचे हे आपोआप कळतं. कीबोर्डमध्ये "ऑर्गन" म्हणून जे मिळतं ते बहुतेक हॅमंड असतं. हॅमंडमध्ये मोटरवर फिरणारी दातेरी चाकं आवाज तयार करतात आणि तो सहसा लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे आत भोंगा गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून बाहेर येतो, म्हणून तो गोल, जाड आणि सतत घुमणारा वाटतो. तुम्ही ऐकताय ते कॉम्बो ऑर्गन. ट्रान्झिस्टरवर चालणारे, पाय काढून गाडीत टाकून नेता येतील असे, खास बँडवाल्यांसाठी काढलेले. इंग्लंडमध्ये जेनिंग्ज कंपनीने १९६२ मध्ये वॉक्स काँटिनेंटल काढला, उलट्या रंगाच्या पट्ट्यांचा, म्हणजे पांढऱ्याच्या जागी काळ्या आणि काळ्याच्या जागी पांढऱ्या. इटलीत अकॉर्डियन बनवणाऱ्या फारफिसाने लगेचच कॉम्पॅक्ट मालिका आणली. द ॲनिमल्सच्या १९६४ च्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन'मध्ये ॲलन प्राइस वाजवतो तो वॉक्स, द डोअर्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्समध्ये रे मॅन्झारेकचा उजवा हात ज्यावर असतो तोही वॉक्स, आणि सुरुवातीच्या पिंक फ्लॉइडमध्ये रिचर्ड राइट वाजवतो तो फारफिसा. ही तीन लागोपाठ ऐका, वॉक्स आणि फारफिसातला फरक कानाला लगेच कळेल. वॉक्स जरा मोकळा आणि गोड, फारफिसा जास्त करकरीत.

आणि हा नाकातला इलेक्ट्रॉनिक सूर आपल्या कानाला परका नाही बरं का. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली होती, आणि वॉक्सवाले जेनिंग्ज काँटिनेंटलच्या आधी त्याच जातीचं युनिव्हॉक्स नावाचं वाद्य विकत होते. एकाच घराण्यातला आवाज आहे हा. तुमच्या मराठी गाण्यांत तो चपखल बसणार याची मला खात्री आहे.

आता मुद्द्याचं. पैसे खर्च करायच्या आधी आहे त्या कॅसिओवर एक संध्याकाळ घालवा. कॉम्बो ऑर्गनची पट्टी म्हणजे नुसतं बटण, हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. म्हणून पहिलं काम म्हणजे टच रिस्पॉन्स बंद करा, मेनूमध्ये फंक्शनमध्ये कुठेतरी असतं. मग रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) आणि कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) पूर्ण बंद. रोटरी इफेक्ट असेल तर तोही बंद, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, टोन बरा असतो पण त्यावर ते फिरणं चिकटवलेलं असतं आणि त्याने लगेच हॅमंडची नक्कल वाटायला लागते. मग टोनच्या यादीत ऑर्गनमध्येच अडकू नका, सिंथ लीडमध्ये स्क्वेअर नावाचा टोन असतो तो लावून बघा, अकॉर्डियनसुद्धा बघा. ड्युअल किंवा लेयरची सोय असेल तर एक टोन मूळ सप्तकात आणि दुसरा एक सप्तक वर, वरचा थोडा हळू. खऱ्या वॉक्सवरही तेच चालतं, १६ फूट, ८ फूट, ४ फूट असे ड्रॉबार, म्हणजे आवाजाचा एकेक थर कमी-जास्त करणारे ओढायचे दांडे असतात, १६ म्हणजे खालचं सप्तक, ४ म्हणजे वरचं, आणि चौथा ड्रॉबार बारीक वरच्या सुरांचं मिश्रण घालतो, तोच तो टोचणारा भाग. व्हायब्रेटो असेल तर लावा, पण पट्टी दाबल्या दाबल्या सुरू होणारा आणि सगळ्या सुरांना एकसारखा, सिंथमधला हळूहळू उमलणारा नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कीबोर्ड थेट मिक्सरला किंवा पीएला, म्हणजे कार्यक्रमाच्या स्पीकर यंत्रणेला, जोडू नका, गिटारच्या ॲम्पमधून वाजवा. तेव्हाचे बँड बहुतेक तेच करायचे. गिटार ॲम्पचा स्पीकर अगदी वरचे कर्कश सूर खाऊन टाकतो आणि मधला भाग पुढे आणतो, त्यात स्प्रिंग रिव्हर्ब असेल तर सोन्याहून पिवळं. ॲम्पवर बेस कमी, मिड वर, गेन अगदी कडेवर, म्हणजे दोन सूर एकत्र दाबले की किंचित फाटावं आणि एकटा सूर स्वच्छ राहावा. कीबोर्डचा व्हॉल्यूम आधी कमी ठेवून हळूहळू वाढवा, आणि फार मोठ्याने वाजवू नका, खालच्या सप्तकातले जाड सूर लहान गिटार स्पीकरला सोसत नाहीत. तुमच्या गिटारवाल्याला एका रिहर्सलपुरता ॲम्प मागा, एवढ्यानेच निम्मं काम होईल.

हे करून समाधान नाही झालं तर मग खरेदी. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती यामाहा रिफेस वायसी, २०१५ मध्ये आलेला. त्यात पाच ऑर्गन आहेत, हॅमंड, वॉक्स, फारफिसा, जपानचा एस टोन आणि यामाहाचा स्वतःचा. नऊ ड्रॉबार समोर आहेत, वाजवता वाजवता हाताने ओढता येतात आणि हीच मजा आहे, कारण कडव्यात दोन ड्रॉबार आणि ध्रुवपदाला सगळे बाहेर ओढले की गाणं उठतं, मेनूत शिरून टोन बदलण्यात ते होत नाही. पेन्सिल सेलवर चालतो, स्कूटरवर नेता येतो. अडचण एकच, ३७ लहान पट्ट्या. मोठा हात असेल तर बोटं अडखळतात. पण तुमचा कॅसिओ मिडी, म्हणजे कुठली पट्टी दाबली ते दुसऱ्या वाद्याला कळवणारा सिग्नल, देत असेल तर त्याच्या पट्ट्यांवरून रिफेसचा आवाज वाजवता येतो, तेव्हा जुना विकू नका. नवा घेतलात तर बजेट बहुतेक ओलांडेल, म्हणून सेकंडहँड शोधा, आणि घेताना प्रत्येक ड्रॉबार एकेकटा ओढून बघा, खरखर येते का ते.

दुसरा रस्ता लॅपटॉपचा. घरात बरा लॅपटॉप असेल तर साधा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, एक लहान ऑडिओ इंटरफेस आणि सॉफ्टवेअर. आर्टुरियाचं वॉक्स काँटिनेंटल व्ही आणि फारफिसा व्ही दोन्ही चांगली आहेत, खऱ्या वाद्याच्या बारीक खोडीसुद्धा त्यात उतरल्यात. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर १२८ सॅम्पलच्या आसपास ठेवा, नाहीतर पट्टी दाबल्यावर आवाज मागून येतो आणि ड्रमरशी कधीच जमत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर स्टेजवर लॅपटॉप टाळला असता. गणेशोत्सवाच्या मांडवात धूळ, घाम आणि जनरेटरची वीज, त्यात मधेच काही अडकलं तर तुम्ही माऊस शोधत बसणार. रेकॉर्डिंगला मात्र हाच रस्ता उत्तम.

---

प्रश्न: मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, रोलँड एक्सपीएस-१० आहे, दुसरं काही घेणं शक्य नाही. वरचं सगळं त्यावर जमेल का? आणि मी मुळात पेटीवाला, पियानोचं शिक्षण नाही, त्याने अडेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: जमेल. ड्युअलमध्ये दोन साधे ऑर्गन टोन एक सप्तक अंतराने लावा, रिव्हर्ब उतरवा, आणि बनवलेला आवाज सेव्ह करून ठेवा म्हणजे कार्यक्रमात शोधाशोध नको.

दुसऱ्या शंकेबद्दल सांगायचं तर पेटीवाल्याला हे वाद्य पियानोवाल्यापेक्षा लवकर वश होतं. पियानोवाले पेडल दाबून सूर लांबवतात, इथे पेडलने सूर लांबत नाही, बोट उचललं की सूर त्याच क्षणी तुटतो, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सरकताना बोटं बदलून धरून ठेवायची सवय तुम्हाला आहेच. पेटीत भात्याने जे करता ते इथे उजव्या पायाने करायचं, म्हणजे व्हॉल्यूम पेडल. ते एक्सप्रेशन पेडल नावाने मिळतं, घेतलं नसेल तर पहिले ते घ्या. डाव्या हाताने जाड कॉर्ड धरू नका, बेसवाल्याच्या अंगावर जातं, दोन सूर पुरे. उजव्या हाताने ठेक्यावर तुटक वाजवा.

---

प्रश्न: मी लंडनजवळ राहते. इथे जुन्या सामानाच्या विक्रीत एक फारफिसा कॉम्पॅक्ट दिसला, मालक स्वस्तात देतोय, म्हणतो तीन-चार पट्ट्या वाजत नाहीत पण किरकोळ काम आहे. कोल्हापूरला भावाच्या बँडसाठी पाठवावा का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर: कुठल्या पट्ट्या वाजत नाहीत ते बघा, त्यावर सगळं आहे. या ऑर्गनमध्ये सगळ्यात वरच्या सप्तकासाठी बारा ऑसिलेटर असतात, सा ते नी, मधल्या कोमल-तीव्रांसकट एकेक, आणि खालची सप्तकं त्यांचीच कंपनं निम्मी-निम्मी करत काढलेली असतात. म्हणजे एकच स्वर एका ठिकाणापासून खाली सगळ्या सप्तकांत गप्प असेल किंवा भलत्याच सुरात वाजत असेल तर साखळीतली एक कडी गेली, बोर्ड काढून पार्ट बदलावे लागतील, ते किरकोळ नाही. पण एखादी पट्टी एका टॅबवर, म्हणजे टोन निवडायच्या खटक्यावर, वाजते आणि दुसऱ्यावर वाजत नाही असं असेल तर बहुतेक आतले संपर्क मळलेत, ते साफ करून सुटतं. तेव्हा एकेक टॅब लावून सगळ्या पट्ट्या वाजवून बघा, मालक कंटाळला तरी. सोबत अर्धा तास चालू ठेवा, गरम झाल्यावर सूर सरकतो का, गुणगुण वाढते का ते ऐका. पन्नास-साठ वर्षांचे कपॅसिटर मूळचेच असतील तर ते बदलायचा खर्च धरूनच चला. आणि मॉडेल कॉम्पॅक्ट ड्युओ असेल तर त्याचा पॉवर सप्लायचा वेगळा डबा सोबत आहे ना ते बघा, तो नसेल तर ऑर्गन वाजणारच नाही.

विजेचा प्रश्न नाही, तिथे आणि इथे २३० व्होल्टच, फक्त मागची पट्टी वाचा, एखादा नग अमेरिकेतून आलेला असू शकतो. पण कोल्हापूरला पाठवू नका असंच मी म्हणेन. जड आहे, जहाजाचं भाडं आणि कस्टम मिळून वाद्याच्या किमतीच्या वर जाईल, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते संपर्क पुन्हा मळणार, तेव्हा भावाला ते उघडून नीट करणारा माणूस जवळपास मिळायला हवा. तुम्हाला स्वतःला वाजवायची हौस असेल तर मात्र घ्या, तिकडे दुरुस्ती करणारे आहेत. भावासाठी त्याच पैशात एखादा सेकंडहँड रिफेस बघा, पुढच्या खेपेला येताना बॅगेतून आणता येईल. किंवा त्याच्या बँडमध्ये कीबोर्डवालाच नसेल तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बी-९ पेडल आणा, गिटारला जोडायचं आणि काँटिनेंटल नावाच्या सेटिंगवर ठेवायचं, गिटारमधून वॉक्सच्या जातीचा आवाज येतो. गिटारवाल्याने तार खेचण्याचा मोह आवरला आणि कॉर्ड स्वच्छ धरले तर ऐकणाऱ्याला फरक कळणं अवघड जातं.