‘आंतरसहजीवी’, ‘परजीवी’ की आणखी काही?

सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: किनाऱ्याजवळच्या समुद्रात काही एकपेशीय जीवांच्या आत जिवाणू राहतात. त्यांच्यावर मराठीत लेख लिहिताना मी ‘आंतरसहजीवी’ हा शब्द वापरला. मैत्रिणीने तो खोडून ‘परजीवी’ केला. बरोबर कोणता?

माझ्या मते ‘अंतःसहजीवी’ लिहा.

आधी व्याकरण उरकून घेऊ. मूळ अव्यय ‘अंतर्’, अर्थ ‘आत’. पुढे मृदू व्यंजन आले तर र् टिकतो: अंतर्गत, अंतर्मन. क, प, स अशी कठोर व्यंजने आली की त्याचा विसर्ग होतो: अंतःकरण, अंतःपुर. म्हणून अंतःसहजीवी. ‘आंतर’ मराठीत बहुधा ‘दोहोंमधला’ या अर्थाने रुळला आहे. तुरीच्या दोन ओळींच्या मध्ये घेतात ते आंतरपीक. टपालाचे ते निळे पत्र मात्र अंतर्देशीय, कारण ते देशाच्या आतच फिरते. तुमचा जिवाणू पेशीच्या आत राहतो, दोन पेशींच्या मध्ये नाही. एका कान्याने त्याचा पत्ताच बदलतो.

‘परजीवी’वर माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, आंब्यावरच्या बांडगुळासारखा. हा शब्द लिहिताच जिवाणू यजमानाचे नुकसान करतो असा निकाल तुम्ही देऊन टाकता. तसे सिद्ध झाले असेल तर जरूर लिहा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ मध्ये ‘सिम्बायोसिस’ची, म्हणजे सहजीवनाची, व्याख्या केली ती भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणे एवढीच. परजीविताही त्यांनी त्यातच धरली होती. आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल हे या सहजीवनाचे ठळक उदाहरण: बुरशी आणि शैवाल यांचे एकच बिऱ्हाड. मराठीत ‘सहजीवन’ला लग्नाच्या शुभेच्छांचा गोडवा चिकटला आहे, त्यामुळे सहजीवी म्हटले की दोघांचे भलेच होणार असे वाटते. शब्दाची फोड तसे सांगत नाही. सह आणि जीवन, बस्स. फायदा दोघांचा आहे असे सांगायचे असेल तर ‘परस्परोपकारी’ हे विशेषण वेगळे लावा.

‘यजमान’ की ‘पोशिंदा’ हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो लेखात अडेलच. ज्याच्या आत जिवाणू राहतो त्याला काही ठिकाणी पोशिंदा म्हणतात. शब्द सुरेख आहे, शेतकऱ्याला शोभतो. पण इथे पोसतो कोण? ब्रारुडोस्फेरा बिगेलोवाय या सागरी एकपेशीय शैवालाचेच पाहा. त्याच्या अंगावर चुनखडीचे पंचकोनी तुकडे असतात आणि आत एक जिवाणू, यूसीवायएन-ए. शैवाल त्याला कर्बयुक्त अन्न देते, तो पाण्यात विरघळलेल्या वायूतून नत्र बांधून शैवालाला देतो. दोघेही पोशिंदे! म्हणून मी ‘यजमान पेशी’ पसंत करतो.

सोलापूरला समुद्र नाही, पण हा व्यवहार इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पेरणीआधी तुरीच्या बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू संवर्धक चोळतात. मुळांवर गाठी येतात. कामाची गाठ फोडली तर आत गुलाबी दिसते. त्या गाठीतल्या पेशींच्या आत जिवाणू बसलेले असतात आणि नत्र बांधतात. तेही अंतःसहजीवीच. फरक एवढा की हे जिवाणू तुरीच्या बीमधून पुढच्या पिढीत जात नाहीत. नव्या रोपाला ते मातीतून किंवा संवर्धकातून नव्याने मिळवावे लागतात.

यूसीवायएन-ए तसा नाही. १९९८ मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात फक्त त्याच्या डीएनएचा तुकडा हाती लागला होता. त्याचे यजमान शैवाल प्रयोगशाळेत वाढवायला जपानच्या क्योको हागिनो यांनी दशकाहून अधिक काळ चिकाटी धरली. मग दिसले की पेशी दुभंगते तेव्हा हा जिवाणूही तिच्या तालात दुभंगतो, दोन्ही लेक-पेशींच्या वाट्याला येतो, आणि त्याला लागणारी काही प्रथिने यजमान पेशीच तयार करून आत पाठवते. २०२४ मध्ये संशोधकांनी त्याला जिवाणू न म्हणता पेशीचे अंगक, म्हणजे पेशीचाच एक कामकरी भाग, म्हणावे असे मांडले आणि नाव दिले नायट्रोप्लास्ट. तंतुकणिका आणि हरितलवक यांचे पूर्वजही कधीकाळी असेच स्वतंत्र जिवाणू होते.

नायट्रोप्लास्टला मराठीत ‘नत्रलवक’ म्हणावे असे मी सुचवतो. हरितलवक शाळेत शिकलेले असते, आणि ‘नत्र, स्फुरद, पालाश’ तर खताच्या दुकानात रोज ऐकू येते. पाठ्यपुस्तकात नायट्रोजन लिहितात, त्याला माझी हरकत नाही, पण ‘नायट्रोजनलवक’ जिभेवर अडखळतो.

यूसीवायएन-एबद्दलचे तुमचे वाक्य मग असे होईल: ‘या यजमान पेशीत राहणारा नत्र बांधणारा जिवाणू आधी परस्परोपकारी अंतःसहजीवी मानला जात होता, आता त्याला नत्रलवक हे अंगक मानावे असे संशोधकांनी मांडले आहे.’ पहिल्या उल्लेखाला ‘नायट्रोप्लास्ट, म्हणजे नत्रलवक’ असे लिहा, पुढे नुसते नत्रलवक पुरे. ज्या जिवाणूंचा यजमानाशी व्यवहार अजून उलगडलेला नाही, त्यांना फक्त ‘अंतःसहजीवी’ म्हणा, विशेषण जोडू नका.