तरुणांना शाश्वत पर्यटनाची खरंच जाणीव असते का?

तुम्ही विचारलंय, पर्यटनाचा निसर्गावर आणि स्थानिकांवर भार पडतो हे तरुणांना खरंच कळतं, की शाश्वत पर्यटन हा नुसता बोलण्यापुरता शब्द आहे? प्रकल्पासाठी प्रश्नावली करताय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कळतं. पण अर्धंच. मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलामुलींना डोंगरात घेऊन जातो. मागच्या खेपेला एका मुलीने सगळ्या गटाची वेष्टनं एका पिशवीत गोळा केली आणि ती पिशवी सॅकला बांधून दोन दिवस वागवली. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तंबूबाहेर बसून ह्याच गटाने पुढचा बेत ठरवला: लांबच्या बेटावर विमानाने जायचं आणि दोन रात्रींत परत यायचं. त्यात काही खटकण्यासारखं आहे, असं एकालाही वाटलं नाही.

मी ह्याला ढोंग म्हणणार नाही. कचरा डोळ्यांना दिसतो, विमानाचं उत्सर्जन दिसत नाही आणि त्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोललेलंही नसतं. 2018 साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या हरितगृह वायूंच्या (हवामान तापवणाऱ्या वायूंच्या) उत्सर्जनापैकी सुमारे 8 टक्के पर्यटनातून येतं, आणि त्यात प्रवासाचा वाटा मोठा आहे. म्हणजे कमी वेळा जाणं आणि गेल्यावर जास्त दिवस राहणं ह्याने जो फरक पडतो, तो प्लास्टिकऐवजी स्टीलची बाटली नेल्याने पडत नाही. बाटली न्यावीच, पण तिथेच थांबू नये.

गर्दीचंही तसंच. थायलंडची माया बे ही खाडी एका सिनेमामुळे गाजली, बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या रेट्याने तिथलं प्रवाळ मोडलं, आणि 2018 मध्ये ती बंद करावी लागली. 2022 मध्ये उघडली तेव्हा बोटींना खाडीत यायला मनाई होती. मधल्या काळात तिथे शार्क परतले होते. हे सांगितलं की मुलं गप्प होतात आणि मग खरे प्रश्न विचारतात. एकाने तर झऱ्याचा फोटो टाकताना ठिकाणाचं नावच काढून टाकलं. मला फार बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरा म्हणून पाट्या लावतात, त्यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. ‘पर्यावरण वाचवा’ ह्या पाटीपेक्षा ‘ह्याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला’ ही पाटी जास्त चालली. तरुणांच्या गटात तर हे मला दर वेळी दिसतं. चौघं तयार झाली की पाचवा आपोआप येतो.

म्हणून प्रश्नावलीत ‘तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का’ हे विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतील. शेवटच्या सहलीबद्दल विचारा: कशाने गेलात, किती रात्री राहिलात, राहण्याचे पैसे तिथल्याच माणसाला मिळाले का, आणि बेत ठरवताना ह्यातलं काय काय बोलणं झालं.